गुड फ्रायडेला फोडलेली तिजोरी

मित्रांनो, मी एक जुनी, फुटकी लोखंडी तिजोरी आहे आणि मी रागावलेली आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू सहसा गोड बोलतात, हे मला ठाऊक आहे. छत्री हळहळते, शाळेतला फळा उसासे टाकतो. माझ्याकडून तसले काही होणार नाही. माझा राग खरा आहे आणि तो कुणावर आहे ते तुम्हाला शेवटपर्यंत ऐकल्यावर कळेल.

तिजोरी म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर नोटांच्या थप्प्या आणि सोन्याच्या पाटल्या येत असतील. माझ्या पोटात त्यातले काही नव्हते. माझ्यात होत्या तपकिरी काचेच्या बाटल्या आणि बाटल्यांत मॉर्फिनचे पातळ औषध. चवीला कडू, पण ज्याचे दुखणे कशानेच थांबत नाही त्याला निवांत झोपवणारे आणि सकाळी माणसात आणणारे. पराग्वेच्या आतल्या भागात, लाल मातीच्या एका गावातल्या सरकारी इस्पितळात मी भिंतीत बसवलेली होते. माझ्या भिंतीपलीकडे मागची खोली होती. जे बरे होणार नाहीत अशा रोग्यांची ती खोली. गावात तिला कुणी नाव ठेवले नव्हते. "मागे नेलं" म्हटले की समोरच्याला कळायचे.

मला घडवले राजधानी असुन्सिऑनमधल्या एका लोहाराने. जाड पत्रा, आतून पट्ट्या, वरचे कुलूप वेगळे, खालचे वेगळे. काम संपल्यावर त्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि गिऱ्हाइकाला म्हणाला, "घेऊन जा. हिला उघडायला दोन माणसं लागतील, आणि दोघंही प्रामाणिक लागतील." केवढी फुशारले मी तेव्हा! मजबूत असणे हाच माझा धर्म आहे असे मला वाटले. कुणासमोर मजबूत, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही.

नियम असा होता की वरची किल्ली औषधे सांभाळणाऱ्या ओब्दुलियाबाईंकडे आणि खालची मोठ्या सिस्टर बेनिग्नांकडे. दोघी एकत्र आल्या तरच मी उघडायची. नियम वाईट नव्हता. हे औषध चुकीच्या हातात पडले तर घात होतो. ओब्दुलियाबाईंच्या आधी जी बाई होती तिच्या वेळी एक बाटली कमी भरली आणि त्या बिचारीची नोकरी गेली. पुढे कळले की बाटली फरशी पुसणाऱ्याच्या हातून फुटली होती. पण गेलेली नोकरी काही परत आली नाही. तेव्हापासून ओब्दुलियाबाईंनी किल्ली गळ्यात घातली, देवाच्या ताइताबरोबर एकाच दोऱ्यात. आंघोळीलाही काढत नसत म्हणे.

तरी चांगले दिवसही मी पाहिले आहेत. डॉक्टर नोएमी आल्या तेव्हाचे. बाई तरुण होत्या, चालताना चपला वाजवायच्या आणि कुणाचे ऐकून घ्यायच्या नाहीत. त्यांनी मागच्या खोलीत येऊन पहिल्या दिवशीच सांगितले, "दुखायला लागल्यावर औषध द्यायचं नाही. दुखण्याआधी द्यायचं. दर चार तासांनी, थोडं थोडं, घड्याळ बघून." त्याबरोबर रोज पोट साफ होण्याचे औषध, कारण मॉर्फिनने पोट धरते. पहिले काही दिवस मळमळीची गोळी. कोरड्या तोंडाला बर्फाचा खडा. अंग दुखणाऱ्या बाजूला उशी. धाप लागलेल्याच्या तोंडावर हाताने वारा. सगळी साधीसुधी कामे. आणि मी दिवसातून कितीदा तरी उघडत होते, मिटत होते. माझ्या बिजागऱ्या कुरकुरत, पण मला ते आवडायचे.

त्या दिवसांत दोन्या रुफिना, म्हणजे आपल्या भाषेत रुफिनाबाई, मागे आल्या. उभा जन्म त्यांनी बस थांब्यावर चिपा विकला. चिपा म्हणजे साबुदाण्याच्या कंदाचे पीठ, चीज आणि बडीशेप यांची भाजलेली गोल कडी. डोक्यावर टोपली घेऊन त्या धावत्या बसमध्ये चढायच्या आणि धावत्या बसमधून उतरायच्या. आता कॅन्सर हाडांत उतरला होता. आल्या तेव्हा कूस बदलता येत नव्हती. औषध सुरू झाल्यावर पहिले दोन दिवस त्या नुसत्या झोपल्या. मुलगी मिर्ता घाबरली. डॉक्टर म्हणाल्या, "कित्येक रात्रींची झोप साचलीय त्यांची. झोपू दे." आणि खरेच, तिसऱ्या दिवशी दोन्या रुफिना उठून बसल्या आणि सिस्टर बेनिग्नांना म्हणाल्या, "बाई, तुमच्या स्वयंपाकघरातला चिपा मी खाल्ला. दगड मारायला बरा आहे." सगळी खोली हसली. भिंतीपलीकडून मीही ऐकले.

त्यांची एकच इच्छा होती. मुलगा सेफेरिनो, घरचे सेफे म्हणत, ब्वेनोस आयर्सला गवंडीकाम करायला गेला तो वर्षानुवर्षे आला नव्हता. तो पवित्र आठवड्यात येणार होता, गुड फ्रायडेला सकाळच्या बसने. "त्याच्याशी शुद्धीत बोलायचंय मला," दोन्या रुफिना येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. "कण्हायचं नाही, बोलायचंय."

आणि इथेच, मित्रांनो, सगळे बिघडले. बिघडवले कुणी? वाईट माणसांनी नव्हे. वाईट माणसे असती तर माझा राग लवकर उतरला असता.

डॉक्टर नोएमींना मंगळवारी डांबरी रस्त्यावरच्या दुसऱ्या गावच्या दवाखान्यात जावे लागले. त्या शुक्रवारी परतणार होत्या. बुधवारी सकाळी मिर्ताने सिस्टर बेनिग्नांचा हात धरला.

"सिस्टर, ते औषध थांबवा. सेफे येईपर्यंत."

"अगं, डॉक्टरीणबाई काय म्हणतील?"

"ते प्यायल्यावर ती झोपली होती की नाही दोन दिवस? तुम्हीच पाहिलंत. सेफे एवढ्या लांबून येणार आणि आई डोळे मिटून पडलेली! तो मला काय म्हणेल? म्हणेल, बहिणीनं आईला गुंगीत ठेवली. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, सिस्टर. ती सोसेल. माझी आई सोशीक आहे."

सिस्टरचा जीव मऊ. रोग्याच्या पोटच्या पोरीपुढे त्यांना 'नाही' म्हणवले नाही. शिवाय त्यांच्याही मनात कुठेतरी होतेच की हे औषध जरा जास्तच कडक आहे, द्यावे लागले नाही तर बरेच. दुपारी ओब्दुलियाबाई सणाला गावी निघाल्या. चिपाचे पीठ मळायला सगळे माहेर एकत्र जमते त्यांचे. निघताना त्यांनी रीतसर विचारले, "मागच्या खोलीला काही काढून ठेवायचं का गं, बेनिग्ना?"

"नको. रुफिनाबाईंच्या मुलीनंच बंद केलंय."

ओब्दुलियाबाईंनी माझे वरचे कुलूप लावले, दोनदा ओढून पाहिले आणि किल्ली गळ्यात टाकून निघून गेल्या. दुसऱ्या कुणाच्या हातात किल्ली द्यायची त्यांची छाती नव्हती. त्या गेलेल्या नोकरीने त्यांना तेवढे शिकवले होते.

गुरुवारी दुखणे परत आले. नुसते परतले नाही, तर सगळे सामान घेऊन आले. सवयीचे औषध एकदम तोडले की शरीर बंड करते. दोन्या रुफिना घामाने भिजल्या, कुडकुडल्या, पोटात पीळ पडला, आणि हाडे तर पेटलीच. सिस्टरनी होते ते दुसरे इंजेक्शन दिले. थोडा वेळ बरे वाटायचे, मग पुन्हा तेच. उन्हे चढेपर्यंत कण्हणे होते, संध्याकाळी ओरडणे झाले. मिर्ता कपाळावर ओले फडके ठेवत होती. "आई, उद्या सेफे येतोय, हं. थोडं सोस," ती म्हणायची. आईला सेफे कोण हेच कळत नव्हते.

शेवटी मिर्ता माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "सिस्टर, द्या. द्या ते औषध. मी चुकले, द्या!"

सिस्टर खालची किल्ली घेऊन आल्या. माझे खालचे कुलूप उघडले. वरचे कोण उघडणार?

ओब्दुलियाबाईंच्या गावात एकच फोन, किराणा दुकानातला. तो वाजत राहिला, दुकान सणासाठी बंद. गाडी पाठवली, पण पाऊस पडून गेला होता. पावसात मातीच्या रस्त्यांवर साखळी लावून वाहतूक थांबवतात. रुग्णवाहिकेसाठी साखळी खाली केली, पण पुढे ओढा पुलावरून वाहत होता. ड्रायव्हर चिखलाने माखून परतला. डॉक्टर नोएमी होत्या त्या दवाखान्याचा फोनही लागेना. जिल्ह्याच्या मोठ्या इस्पितळाला फोन केला. तिथला माणूस अगदी सभ्यपणे म्हणाला, "आमच्याकडेही दोन किल्ल्यांचीच पद्धत आहे, सिस्टर. आमच्या बाई पण सुट्टीवर गेल्यात. सोमवारी या ना." हे ऐकले आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला तळपाय नाहीत, तरी गेली. सोमवारी या! जणू दळण टाकायचे आहे!

आणि मी काय करत होते? मी मजबूत राहत होते. पोटात भरल्या बाटल्या, पलीकडे एवढे ओरडणे, मध्ये एक वीत पत्रा. त्या लोहाराची शाबासकी मला तेव्हा विषासारखी वाटली.

गुड फ्रायडे उजाडला. आमच्याकडे त्या दिवशी कुणी झाडत नाही, सुरी धरत नाही, चूल पेटवत नाही, मोठ्याने बोलत नाही. पोरांनी कितीही मस्ती केली तरी त्या दिवशी मार नाही. त्याची वसुली शनिवारी होते. आणि हातोडा तर कुणी उचलतच नाही, कारण त्या दिवशी ठोकलेला खिळा देवाच्या अंगात जातो असे मानतात. सगळे गाव गप्प होते. त्या गप्प गावात एकच आवाज होता, दोन्या रुफिनांचा.

सेफे सकाळच्या बसने उतरला. खांद्यावर पिशवी, आईसाठी आणलेली शाल हातात. खोलीच्या दारात थबकला. आईने त्याच्याकडे पाहिले आणि त्याच्यामागच्या भिंतीकडे पाहावे तशी नजर फिरवली. मग पुन्हा किंकाळी. त्याने शाल खुर्चीवर ठेवली.

"ओळखत का नाही मला?" तो मिर्ताला म्हणाला. "काय दिलंत तिला?"

"काहीच नाही दिलं रे," मिर्ता रडत म्हणाली. "तू आल्यावर जागी असावी म्हणून काहीच दिलं नाही."

सिस्टर बेनिग्ना रात्रभर झोपल्या नव्हत्या. त्यांना काहीतरी दिलासा द्यायचा होता आणि तोंडून निघून गेले, "बाबा, आज प्रभूनंही सोसलंच ना. तिचं दुखणं त्याच्या चरणी वाहा."

सेफे त्यांच्याकडे वळला. "सिस्टर, त्याला क्रुसावर असताना निदान कुणीतरी ओला स्पंज तोंडाशी धरला होता. तोही शिपायानं! आणि तुम्ही नर्स आहात." सिस्टरनी पदरासारखा आपला पांढरा अंगरखा तोंडाला लावला आणि त्या खाली बसल्या. तेवढ्यात बाहेर चपला वाजल्या. डॉक्टर नोएमी आल्या होत्या.

त्यांनी आधी रोगी पाहिला, मग माझे वरचे कुलूप पाहिले. कोण चुकले, का चुकले, काही विचारले नाही. बागकाम, डागडुजी सगळे पाहणारे म्हातारे इलारियो दाराशी टोपी हातात घेऊन उभे होते. डॉक्टर म्हणाल्या, "इलारियोबाबा, हातोडा आणि छिन्नी आणा. ही फोडायची आहे."

"आज?" इलारियो दचकले. "डॉक्टरीणबाई, आज शुक्रवार. आज हातोडा उचलला तर... मी म्हातारा माणूस, मला वर जाऊन तोंड दाखवायचंय."

"तुम्ही नका ठोकू. आणून द्या फक्त."

"आणि असुन्सिऑनच्या साहेबांना काय सांगायचं? सरकारी तिजोरी आहे बाई ती."

"मी सांगतेय फोडायला. साहेबांना माझं नाव सांगा, देवालाही माझंच नाव सांगा. जा."

इलारियोंनी अवजारे आणली, जमिनीवर ठेवली आणि छातीवर क्रूस काढून पाठ फिरवली. सेफेने शर्टाच्या बाह्या वर सारल्या. तो गवंडी होता. कुठे मारायचे हे त्याला बरोबर कळत होते. कुलपांना त्याने हातच लावला नाही, बिजागऱ्यांकडे आला. खालच्या बिजागरीला फरशी धुतल्याच्या पाण्याने वर्षानुवर्षे गंज चढला होता.

पहिला घाव पडला आणि तो आवाज सगळ्या गावात गेला. खिडक्या उघडल्या. कोणीतरी रस्त्यावरून ओरडले, "अरे, लाज वाटत नाही का? आज कोण ठोकतंय?" सेफेने दुसरा घाव घातला, तिसरा घातला. मित्रांनो, वस्तूंना काही करता येत नाही असे म्हणतात. पण मी माझ्याकडून जेवढे होते तेवढे केले. त्या गंजलेल्या बिजागरीला मी म्हणाले, "सोड, बये. सोड आता!" आणि तिने सोडले, तिच्यामागून वरचीनेही. माझे दार एका अंगावर लोंबकळले आणि आतल्या बाटल्यांवर दिवसाचा उजेड पडला. जन्मात मला एवढे हलके कधी वाटले नव्हते.

डॉक्टरांनी घाई केली नाही. मध्ये खंड पडला होता म्हणून आधी थोडे कमी दिले. मग खुर्ची ओढून शेजारी बसल्या, श्वास पाहत राहिल्या, पुन्हा थोडे दिले. ओरडण्याचे कण्हणे झाले. कण्हण्याचे नुसते श्वास झाले. मिर्ताने ओठांवर बर्फ फिरवला. दुपार कलायच्या आत दोन्या रुफिनांनी डोळे उघडले आणि समोर बसलेल्या माणसाला नीट न्याहाळले.

"सेफे? केवढा वाळलायस रे. तिकडे जेवायला देतात की नुसत्या विटा वाहायला लावतात?"

सेफेला हसावे की रडावे कळेना. त्याने दोन्ही केले.

"आणि तो ठोकायचा आवाज कसला होता मघाशी? मला वाटलं मी मेले आणि पेटीला खिळे मारतायत."

"मी ठोकत होतो, आई."

"आज? शुक्रवारी? मूर्खा!" त्यांनी हात उचलून त्याच्या गालावर एक हलकी चापट मारली. मग तो हात तिथेच राहू दिला. "जा, शनिवारची आजच घेतलीस असं समज."

मिर्ताने बुधवारी भाजलेला चिपा आणला होता. चावणे आईला जमणारे नव्हते. आईने तो नाकाशी धरला, वास घेतला आणि म्हणाली, "चीज कमी घातलंस, पोरी. गिऱ्हाईक फसेल, मी नाही." मिर्ता तिच्या पायांशी डोके टेकून कितीतरी वेळ बसून राहिली. त्या दिवसापासून पुढे औषध वेळेवर गेले, घड्याळ बघून. ईस्टरच्या रविवारपर्यंत मायलेकरे बोलत होती. सेफे इतकी वर्षे का आला नाही ते बोलले, वडिलांविषयी बोलले, कोणत्या बसचा ड्रायव्हर चिपाचे पैसे बुडवायचा तेही बोलले. सोमवारी पहाटे दोन्या रुफिना झोपेतच गेल्या, एक हात मुलाच्या हातात आणि एक मुलीच्या हातात.

आता माझ्या रागाचे ऐका. नंतर असुन्सिऑनहून चौकशीला माणसे आली. त्यांनी माझे फोटो काढले. टेप लावून माझे दार मोजले. बिजागरी कागदात गुंडाळून नेली. रविवारी पाणी ओसरताच धावत आलेल्या ओब्दुलियाबाई गळ्यातली किल्ली मुठीत धरून रडत होत्या, त्यांना विचारले की किल्ली सुरक्षित होती ना. होती! किल्लीच तेवढी सुरक्षित होती! डॉक्टर नोएमींना विचारले की सरकारी मालमत्तेचे नुकसान कुणाच्या परवानगीने केले. बाटल्या मोजल्या, सगळ्या जागच्या जागी निघाल्या, तरी साहेबांच्या कपाळावरची आठी गेली नाही.

कुणी न बोलावता मिर्ता तिथे आली. टोपली हातातच होती, आता बस थांब्यावर चिपा विकायला ती उभी राहते. ती म्हणाली, "साहेब, माझी आई कशी ओरडत होती ते पण विचारा ना. मी सांगते. माझीही चूक आहे, ती पण लिहा."

साहेबांनी वर न पाहता सांगितले, "बाई, ते आमच्या चौकशीत बसत नाही."

डॉक्टर नोएमींची बदली दूर चाकोच्या माळरानात झाली. माझ्या जागी नवी तिजोरी आली. तिला तीन कुलपे आहेत. मला मागच्या छपरीत टाकले. इलारियो माझ्यात खराटे आणि तेरेरेच्या, म्हणजे इथल्या थंड चहाच्या, पाल्याचा डबा ठेवतात. जाताना येताना माझ्या तुटक्या दारावर हात फिरवतात.

मित्रांनो, अशा कहाणीच्या शेवटी वस्तूने हात जोडून म्हणायचे असते की मला जपा, मला गंजू देऊ नका. मी तसे म्हणणार नाही. मला खुशाल गंजू द्या. तुमच्या घरात कुणी अंथरुणावरून सांगेल की दुखते आहे, तेव्हा त्याला सोशीकपणा शिकवू नका. औषधाने गुंगी येईल, सवय लागेल, लोक काय म्हणतील, असे म्हणून कानांवर हात ठेवू नका. डॉक्टरला विचारा, पुन्हा विचारा, भांडा. आणि मोठेपणी तुमच्याकडे एखादी किल्ली आली, तर सणाला घरी निघण्याआधी ती कुणाच्या तरी हातात देऊन जा.

छिन्नीचे एवढे घाव बसले तरी मला काही दुखले नाही. मी लोखंड आहे. दुखत होते ते तिला, आणि चौकशी माझी झाली.